मेनफ्रेमवरील 'रीजन' : शब्द तोच, अर्थ निराळे

१/
इतिहासाची साधने म्हटली की बखरी, सनदा, ताम्रपट, नाणी आठवतात. संगणकाला काम नेमून देणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डावरची एखादी ओळ त्या यादीत कोणी धरत नाही. 'रीजन=१००के' ही अशीच एक ओळ. "या कामास १०० किलोबाइट मेमरी द्यावी" एवढाच तिचा मजकूर. सुमारे साठ वर्षांत तिचा अर्थ पुनःपुन्हा पालटला. अक्षरे मात्र तीच राहिली.

२/
७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यासाठीची ओएस/३६० ही कार्यप्रणाली फ्रेड ब्रुक्स यांच्या नेतृत्वाखाली आकारास आली. काम बॅच पद्धतीने चाले. ८० स्तंभांच्या छिद्रित कार्डांचा गठ्ठा खिडकीवर सोपवायचा आणि काही तासांनी छापील निकाल घेण्यास यायचे. त्या गठ्ठ्यात दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारी कार्डे जॉब कंट्रोल लँग्वेजची, म्हणजे जेसीएलची, असत. मेमरीची मागणी त्यांवरच नोंदवली जाई.

३/
ही मागणी आवश्यक का ठरली? ओएस/३६०च्या एमएफटी या प्रकारात मेमरीचे ठरावीक कप्पे आधीच पाडलेले असत. लहान काम मोठ्या कप्प्यात गेले की उरलेली जागा वाया जाई. १९६७च्या सुमारास आलेल्या एमव्हीटी प्रकाराने हे कप्पे मोडले आणि प्रत्येक कामास त्याच्या मागणीएवढी सलग जागा देण्याची पद्धत आणली. मागणी कळल्याशिवाय वाटप कसे होणार? म्हणून 'रीजन'.

४/
ही जागा किती मोलाची होती, याचा पुरावा ब्रुक्स यांच्याच १९७५च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात आहे. सिस्टिम/३७०च्या मॉडेल १६५वर एक किलोबाइट मेमरीचे भाडे महिन्याला सुमारे १२ डॉलर पडे. त्या दराने १०० किलोबाइट म्हणजे महिन्याला १,२०० डॉलरची जागा. आज मोबाइलवरचे एक छायाचित्र याहून कितीतरी अधिक जागा व्यापते.

५/
त्यामुळे कार्डावरच्या आकड्याला दोन्ही बाजूंनी धार होती. मागणी कमी पडली तर काम अर्ध्यावर कोसळे आणि '८०ए' हा संकेतांक छापून येई. मागणी फार मोठी असली तर तेवढी सलग जागा मोकळी होईपर्यंत काम रांगेत ताटकळे. आणि जागा मिळाली की तेवढा काळ ती इतरांना बंद होई. एकाचा अंदाज हा दुसऱ्याचा खोळंबा होता.

६/
१९७२ साली आयबीएमने सिस्टिम/३७०साठी आभासी मेमरी जाहीर केली. पुढे एमव्हीएस प्रणालीत प्रत्येक कामास स्वतःचा १६ मेगाबाइटचा पत्ता-अवकाश मिळू लागला. 'रीजन'चा अर्थ येथे पालटला. पूर्वी ते प्रत्यक्ष जागेवरचे आरक्षण होते. आता ती कामाने आपल्या अवकाशात कुठवर पसरावे, याची मर्यादा झाली. जुना अर्थच हवा असेल, तर 'ॲड्रेसस्पेस=रिअल' अशा आशयाची वेगळी सूचना द्यावी लागे.

७/
१९८०च्या दशकात पत्ते २४ बिटांवरून ३१ बिटांवर गेले. १६ मेगाबाइटची जुनी सीमा 'लाइन' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि एकाच आकड्याला रेषेखालचा व रेषेवरचा असे दोन अर्थ आले. त्यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. १४ मेगाबाइट मागितले, तर रेषेखाली तेवढी जागा नाही म्हणून काम नाकारले जाऊ शकते. २० मेगाबाइट मागितले, तर रेषेखाली असेल तेवढी सगळी जागा मिळते आणि काम सुरळीत चालते.

८/
अखेरीस आले 'रीजन=०एम'. येथील शून्य म्हणजे 'काहीच नको' नव्हे. 'जेवढे उपलब्ध असेल तेवढे द्या'. २००० साली ६४ बिटांची रचना आली, तेव्हा २ गिगाबाइटच्या सीमेपलीकडील जागेसाठी 'मेमलिमिट' हे नवे बंधन योजावे लागले. शिवाय प्रत्येक केंद्राचे तंत्रज्ञ आपल्या नियमांनी कार्डावरची मागणी परस्पर बदलू शकतात. लिहिलेला आकडा आणि मिळालेली जागा यांचे नाते असे सैल झाले.

९/
या साऱ्याकडे 'मेमरी महाग होती म्हणून मोजत, स्वस्त झाली म्हणून सोडले' अशा नजरेने पाहण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. मराठी कागदपत्रांत 'बिघा' वाचणारा अभ्यासक प्रथम विचारतो : कोणत्या काळचा, कोणत्या प्रांताचा, कोणत्या काठीने मोजलेला? शब्द एकच असला तरी जमीन निराळी असते. १९६८च्या कार्डावरचे 'रीजन' आणि आजच्या जेसीएलमधले 'रीजन' यांच्यातही तेवढेच अंतर आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासाला ही सावधगिरी माफ नाही.

१०/
दुसरी सावधगिरी साक्षीपुराव्याची. मागणीचा आकडा म्हणजे वापराचा आकडा नव्हे. काम कोसळण्याच्या धास्तीने मागणी फुगवली जाई. एका कामाचे जेसीएल दुसऱ्यासाठी उतरवले की जुना आकडाही सोबत जाई. परंतु प्रत्येक टप्प्याच्या शेवटी प्रणाली प्रत्यक्ष वापराची नोंदही छापते. मागणी आणि नोंद शेजारी ठेवली की माणसाची भीती, सवय आणि अनुभव हे तिन्ही वाचता येतात. 'रीजन=०एम'ने काम सोपे केले; पण त्या जोडीतला एक साक्षीदार गप्प केला.

११/
हा विषय भूतकाळात बंदिस्त नाही. सन २००० च्या संकटाआधी मुंबई-पुण्याच्या अनेक मराठी प्रोग्रामरांनी असेच वारशाने आलेले जेसीएल वाचून दुरुस्त केले. बँका आणि विमा कंपन्यांची रात्रीची कामे आजही त्यावर चालतात. आणि ज्या क्लाउडला अमर्याद म्हटले जाते, तेथेही कुबरनेटीससारख्या व्यवस्थेत प्रत्येक कामाची किमान मागणी व कमाल मर्यादा लिहिता येते. मर्यादा ओलांडणारे काम थांबवले जाते. एमव्हीटीच्या कार्डावरचा प्रश्न नव्या लिपीत परतला आहे.

१२/
ब्रुक्स यांनी पुढे जेसीएलवर स्वतःच कठोर टीका केली, आणि तिच्या क्लिष्ट रचनेविषयी ती रास्तही आहे. परंतु 'सामायिक साधनातील किती वाटा हवा, हे आधी सांगा' ही अट क्लिष्टतेत मोडत नाही. तिने प्रत्येकाला रांगेतल्या इतरांची दखल घ्यावयास लावली. जुने जेसीएल केवळ निकामी मजकूर म्हणून पुसून टाकले, तर हा व्यवहारही विस्मृतीत जाईल. त्याचे जतन व्हावे, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचा काळही नोंदवला जावा.