ऑक्सिजनच्या दोन रेघा

ऑक्सिजनचा रेणू काढा म्हटले की तुम्ही दोन ‘ओ’ मांडता, मध्ये दोन रेघा मारता आणि पूर्ण गुण घेता. त्या आकृतीत प्रत्येक इलेक्ट्रॉनला जोडीदार असतो. असा पदार्थ चुंबकाकडे ओढला जाऊ नये. पण १८९१ साली ड्यूअर यांनी द्रवरूप ऑक्सिजन विद्युतचुंबकाजवळ नेला, तो ध्रुवांना जाऊन चिकटला!

याचा उलगडा लेनर्ड-जोन्स यांनी १९२९ मध्ये रेणवीय कक्षकांच्या कल्पनेने केला. रेणूत इलेक्ट्रॉन एकेका अणूचे न राहता सबंध रेणूचे होतात. काही कक्षकांतले इलेक्ट्रॉन अणूंना बांधून ठेवतात. प्रतिबंधी कक्षकांतले तो बंध सैल करतात. ऑक्सिजनचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन सारख्याच ऊर्जेच्या दोन प्रतिबंधी कक्षकांत एकेकटे राहतात. चुंबकाची ओढ आहे ती या एकट्यांमुळे.

आता रेणूतला एक इलेक्ट्रॉन काढून घ्या. बंध कमजोर होईल? नायट्रोजनमध्ये तसेच होते. अणूंमधले अंतर १.१० अँगस्ट्रॉमवरून १.१२ होते. ऑक्सिजनमध्ये मात्र ते १.२१ वरून १.१२ वर येते. बंध बळकट होतो, कारण गेला तो बंध सैल करणाराच इलेक्ट्रॉन!

माझ्या मते हे शाळेतच सांगावे. गणित नको, गोष्ट पुरे. शिक्षक म्हणतील, मुले गोंधळतील. गोंधळू द्यात की! रेघा हिशेबाला सोयीच्या आहेत, त्या पुसू नका. पण आकृती काढून झाली की फळ्यावर तिच्याशेजारी एक चुंबकही काढा.