मालकी घराण्याची, कारभार जाणत्यांचा

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कापड-प्रक्रियेच्या कारखान्यात पाऊल टाकले असता, जिगरवर रंगात फिरणाऱ्या ताग्याला बॉयलरची वाफ आणि स्टेंटरवर ताणून वाळवल्या जाणाऱ्या कापडाला तापलेल्या तेलाची उष्णता मिळत असलेली दिसते. आणि ते तेल तापवणारे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, कामगारांच्या तोंडी त्याचे नाव ‘थर्मोपॅक’ हेच असते. वस्तुतः हे पुण्याच्या थरमॅक्स कंपनीच्या एका उत्पादनाचे व्यापारी नाव. वाफेने अडीचशे अंशांची उष्णता साधायची तर सुमारे ४० बारचा दाब सोसणारे जाड, महागडे आणि जोखमीचे भांडे लागते. तेच काम विशिष्ट तेल जवळजवळ दाबावाचून करते, म्हणून ज्याच्यापाशी भांडवल बेताचे आणि जागा त्याहून बेताची अशा लहान कारखानदाराला हे यंत्र मानवले. आपल्या मालाचे नाव गिऱ्हाइकाच्या नित्याच्या बोलीत मिसळून जावे, हे भाग्य फार थोड्या उद्योगांच्या वाट्याला येते.

या उद्योगाचा आरंभ १९६६ साली झाला. आदी भाथेना या पारशी उद्योजकाने बेल्जियमच्या वॅन्सन कंपनीशी तांत्रिक सहकार्याचा करार करून लहान आकाराचे बॉयलर बनवण्यास प्रारंभ केला आणि पुढे चिंचवड ही या कामाची कर्मभूमी झाली. त्यांचे जामात रोहिंटन आगा यांनी सत्तरच्या दशकात कारभाराची सूत्रे हाती घेतली. १९८० साली कंपनीला थरमॅक्स हे नाव मिळाले. खनिज तेल महाग झाल्याबरोबर भुसा, उसाची चिपाडे, कोळसा असे जे सरपण ज्या प्रांती मुबलक ते जाळणाऱ्या बॉयलरांना मागणी आली, आणि कारखान्याबाहेर फुकट जाणाऱ्या उष्णतेवर थंडावा निर्माण करणारी शोषण-यंत्रेही याच कंपनीने बनवली. २०२४-२५ साली तिची उलाढाल १० हजार कोटी रुपयांच्या वर गेली, आणि तरीही सुमारे ६२ टक्के भाग घराण्याच्याच हाती आहेत.

मात्र माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मननीय पर्व उत्कर्षाचे नसून संकटाचे आहे. १९९५ साली कंपनीचे भाग सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले झाले आणि दुसऱ्याच वर्षी रोहिंटन आगा हृदयविकाराने निधन पावले. दोनच दिवसांत संचालक मंडळाने त्यांच्या पत्नी अनु आगा यांच्याकडे अध्यक्षपद सोपवले. त्यांचे शिक्षण समाजकार्याचे, अनुभव मनुष्यबळ विभागाचा. त्यात वर्षभराने तरुण मुलगा अपघातात गेला. पुढे बाजारात मंदी आली, चारशे रुपयांचा भाग छत्तीस रुपयांवर उतरला, आणि एका भागधारकाने निनावी पत्र पाठवून, तुम्ही आमचा विश्वासघात केला, असे त्यांना सुनावले. हे पत्र आपल्याला झोप लागू देईना, असे अनु आगा यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. घरच्या मालमत्तेचा भाव घसरला तरी आपले अन्नवस्त्र अडत नाही, पण ज्याने निवृत्तीची पुंजी आपल्या विश्वासावर गुंतवली त्याचे काय, हा प्रश्न त्यांनी मनाला लावून घेतला.

त्यानंतर जे घडले ते आपल्याकडील मालकाला सहसा रुचत नाही. तोट्याच्या काळात खर्च करून बाहेरचे सल्लागार बोलावण्यात आले, संचालक मंडळ नव्याने घडवण्यात आले, स्वतंत्र संचालकांना मानाचे व अधिकाराचे स्थान मिळाले, आणि घरातील मंडळी दैनंदिन कारभारापासून दूर झाली. प्रकाश कुलकर्णी यांच्यासारख्या व्यवसायात मुरलेल्या गृहस्थाकडे कारभार आला, त्यांच्यानंतर २००७ पासून तेरा वर्षे एम. एस. उन्नीकृष्णन यांनी तो सांभाळला. अनु आगा यांच्या कन्या मेहेर पदमजी या स्वतः रसायन-अभियंत्या. परंतु २००४ साली आईकडून त्यांच्याकडे आले ते अध्यक्षपद, कार्यकारी मुखत्यारी नव्हे. मालकी वारशाने मिळते, कारभाराची पात्रता मात्र प्रत्येक पिढीत नव्याने सिद्ध करावी लागते, हे या घराण्याने ताळेबंदात तोटा असताना मान्य केले. नफ्याच्या दिवसांत ते मान्य करणे कितीतरी सोपे असते.

या व्यवस्थेने चुका टळतात असे कोणी समजू नये. मोठ्या वीजकेंद्रांच्या बॉयलरांसाठी बॅबकॉक अँड विलकॉक्स या अमेरिकी कंपनीच्या भागीदारीत शिरवळला प्रचंड कारखाना उभारला गेला, पण ज्या मागणीच्या भरवशावर तो उभा राहिला ती तशी आलीच नाही, आणि २०१८ साली भागीदाराचा हिस्साही थरमॅक्सला घ्यावा लागला. चूक झाली तरी कंपनी तगली, कारण हिशेब मागणारी माणसे मंडळात बसलेली होती आणि तीन महिन्यांच्या नफ्यासाठी उतावीळ न होणारा मालक पाठीशी होता. घराण्याच्या मालकीचे खरे बळ या दीर्घ दमात आहे.

आता आपल्या ठाणे-डोंबिवली परिसराकडे पाहू. १९२९ साली ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेने वाफेवर चालणारे वीजघर उभारले, तेव्हापासून भट्टी, दाब आणि फायरमन यांची ओळख असलेला हा मुलूख. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर वागळे इस्टेट आणि पाठोपाठ डोंबिवली येथे पहिल्या पिढीच्या धाडसी माणसांनी लेथ, प्रेस, रंग आणि रसायने यांचे शेकडो कारखाने काढले. वडिलांनी गेजच्या काट्यावर डोळा ठेवून जो व्यवसाय वाढवला, तो चालवण्याची मुलाला आवड नाही, आणि पंचवीस वर्षे कारखाना सांभाळणाऱ्या फोरमनला किंवा व्यवस्थापकाला अधिकारपत्र द्यायची वडिलांच्या मनाची तयारी नाही, अशा कोंडीत सापडलेली किती तरी शटरे या दोन्ही वसाहतींत कायमची खाली ओढली गेली. कल्याण-शीळ रस्त्यावर मोटारींच्या कारखान्याची आठवण प्रीमियर कॉलनी या नावापुरती उरली, तो मोठ्या उद्योगाचा दाखला झाला; लहानांचा दाखला द्यायला नावसुद्धा मागे राहत नाही. जागेचा भाव इतका चढला की कारखाना चालवण्यापेक्षा तो मोडणे किफायतशीर ठरते, हे खरे. पण चालवणारा माणूस वेळीच नेमलेला असता, तर मोडण्याचा विचार इतक्या सहज मनात आला नसता.

वारसाच्या प्रश्नाच्या हेळसांडीची किंमत इंधनातही मोजावी लागते. निकामी स्टीम ट्रॅपमधून वाफ सुटत राहते आणि उकळते परतीचे पाणी सरळ गटारात जाते. वास्तविक बॉयलरला जाणारे पाणी सुमारे सहा अंशांनी अधिक गरम असले की एक टक्का इंधन वाचते. हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत, परंतु ज्या मालकाने मनातून कारखाना विकलेला आहे, तो नवी नळी टाकण्यासाठी खिशात हात घालत नाही. दुरुस्तीतील ही चालढकल वाफेच्या आणि रसायनांच्या धंद्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवाशी येते, आणि मे २०१६ व मे २०२४ चे स्फोट अनुभवलेल्या डोंबिवलीत मालकी-कारभाराचा प्रश्न कोणाचीही खाजगी बाब राहिलेली नाही.

यावर उपाय म्हणून ठाण्याच्या लघुउद्योग संघटनेने आणि कल्याण-अंबरनाथच्या उत्पादक संघटनेने, म्हणजे टिसा आणि कामा यांनी, निवृत्त पण सक्षम अभियंते, सनदी लेखापाल आणि व्यवस्थापक यांची यादी बाळगावी आणि सभासदाच्या कंपनीत त्यांतील दोघे बाहेरचे संचालक म्हणून बसवावेत; मालकाने साठी गाठण्यापूर्वी मालकी कोणाकडे आणि कारभार कोणाकडे हे लेखी करावे. महामंडळाचे भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने उद्योगासाठीच दिलेले आहेत. म्हणून हस्तांतरणाचा अर्ज येईल तेव्हा चालता कारखाना आपल्याच व्यवस्थापकांना किंवा दुसऱ्या उत्पादकाला देणाऱ्या मालकास शुल्कात भरघोस सवलत मिळावी, आणि यंत्रे भंगारात काढून मोकळी जागा विकणाऱ्यास ती मुळीच मिळू नये.