गुत्त्याची सोयरीक

लग्न जुळवावयाचे झाले म्हणजे आपण मुलाचे कूळ, मामाचे गाव, घरावरचे कर्ज, सारे खोदून विचारतो. पण ज्या गुत्त्यात घरचा कर्ता पुरुष आठवड्याची मजुरी ओतून येतो, त्या गुत्त्याची सोयरीक कोणाशी, हे कोणी विचारीत नाही!

सातपुड्यातला भिल्ल मोहाची फुले वेचून सणावारी आपली दारू आपण गाळीत असे. १८७८ साली मुंबई सरकारने अबकारीचा कायदा केला. घरची भट्टी गुन्हा ठरली. गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकारात पैका भरणाऱ्या मक्तेदारास मिळाला. गुत्त्याची पहिली सोयरीक ही अशी सरकारी तिजोरीशी. दुसरी सावकारीशी. खानदेशाजवळच्या सुरत जिल्ह्यात दारू उधार देऊन दुकानदारांनी आदिवासींच्या जमिनी गिळल्या. म्हणूनच १९२२ साली त्यांनी गुत्त्यांवर बहिष्कार घातला.

जोतीरावांनी हे आधीच ओळखले होते. पुणे म्युनिसिपालटीचे सभासद असता १८८० साली त्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. तळोद्याकडे १९३८ च्या सुमारास गुला महाराजांनी भिल्लांची दारू सोडवली. त्यांच्यामागे ते काम त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी चालविले. १९७० नंतर शहाद्याच्या आदिवासी मजूर बायांनी तर गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली.

पण बंधूंनो, शेटजीकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपल्याच गावात विचारा: परवाना कोणाच्या नावे? भट्टी कोणाच्या शेतात? उधारीची वही कोणाच्या घरी? पंचायतीत बसणारा त्याचा व्याही की मेहुणा? उत्तर आपल्याच भावकीत निघाले, तर आपली जीभ टाळ्याला चिकटणार काय? परजातीचा लुटारू तो लुटारू, आणि घरचा लुटारू तो पाहुणा, हा न्याय सत्यशोधकाला शोभत नाही.

परवान्याचे दुकान बंद करण्याचा मार्ग आज कायद्याने बायांच्या हाती आहे. मतदार यादीतील निम्म्याहून अधिक बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, म्हणजे दुकानाला कुलूप लागते. चोरट्या भट्टीसाठी मात्र मतदान नाही. तिथे धीटपणे नाव सांगणारा माणूसच लागतो. मायबहिणींनो, शिक्का मारताना नि नाव सांगताना दीराची, जावयाची भीड धरू नका. ज्या सोयरिकीने लेकरांच्या तोंडची भाकर जाते, ती सोयरीक मोडण्यात पाप नाही.