गाड्यांचे बदलते रंग, रेल्वेचे बदलते मालक

ब्रिटनच्या वाहतूक खात्याने डिसेंबर २०२५ मध्ये ‘ग्रेट ब्रिटिश रेल्वेज’ या नियोजित सरकारी संस्थेच्या गाड्यांची रंगसंगती जाहीर केली. राष्ट्रध्वजातील लाल, पांढरा आणि निळा हे तीन रंग तिरकस पट्ट्यांनी डब्यांवर उतरवण्यात आले असून, साठ वर्षांपूर्वीचे दुहेरी बाणाचे चिन्हही त्यात आहे. घोषणा होताच, अंगावर झेंडा रंगवल्याने गाड्या वेळेवर धावणार आहेत काय, अशी टीका सुरू झाली. टीका अपेक्षितच होती. तथापि, ज्या देशात गाडीचा रंग पाहून रेल्वे कोणाच्या ताब्यात आहे हे ओळखता येते, तेथे रंगाचा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. मुंबईच्या लोकलप्रमाणे स्वतंत्र इंजिनाविना धावणाऱ्या तेथील विद्युत गाड्यांच्या डब्यांवर गेल्या शंभर वर्षांत चढलेले थर खरवडून पाहिले, तर ब्रिटिश रेल्वेच्या मालकीचा जवळजवळ सारा इतिहास हाती लागतो.

सर्वांत खालचा थर हिरवा आहे. १९२३ मध्ये अस्तित्वात आलेल्या सदर्न रेल्वे या खासगी कंपनीने लंडनच्या दक्षिणेला तिसऱ्या रुळातून वीजपुरवठा करण्याची पद्धत झपाट्याने पसरवली. १ जानेवारी १९३३ रोजी लंडन-ब्रायटन मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. या कंपनीने डब्यांसाठी हिरव्या रंगाची निवड केली. आधी गडद, नंतरच्या काळात अधिक तजेलदार. लंडनच्या उपनगरांतून रोज शहरात येणाऱ्या नोकरदारांच्या दोन पिढ्यांनी विजेची गाडी म्हणजे हिरवी गाडी, हे समीकरण गृहीत धरले होते. अपवाद होता तो ‘ब्रायटन बेल’चा. संपूर्णपणे पुलमन डब्यांची ही आलिशान विद्युत गाडी तपकिरी आणि सायीच्या रंगात धावे.

१ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. नव्या ‘ब्रिटिश रेल्वेज’ने मुख्य मार्गांवरील डबे किरमिजी आणि सायीच्या रंगात रंगवले. लोकांनी त्यास ‘रक्त आणि कस्टर्ड’ असे नाव दिले. दक्षिणेच्या विद्युत गाड्यांचा हिरवा रंग मात्र राष्ट्रीयीकरणालाही पुरून उरला. कंपनी गेली, पण तिच्या मुलखातील अधिकाऱ्यांनी आणि प्रवाशांनी तिचा रंग सोडला नाही. १९५६ मध्ये तर प्रादेशिक रंगांना अधिकृत मुभाच मिळाली. नव्या मालकाने जुन्या मालकाच्या आठवणीशी केलेली ही तडजोड होती, असेच म्हणावे लागेल.

रंग हा लोकांशी बोलण्याचा मार्ग आहे, हे ग्लासगोत प्रथम नीट ध्यानात आले. नोव्हेंबर १९६० मध्ये तेथील उपनगरी मार्गांवर नव्या विद्युत गाड्या सुरू झाल्या. त्यांना स्कॉटलंडच्या जुन्या कॅलेडोनियन रेल्वेची आठवण देणारा उजळ निळा रंग देण्यात आला होता. धुराने काळवंडलेल्या वाफेच्या गाड्यांनंतर ही ‘ब्लू ट्रेन’ म्हणजे शहराला नव्या युगाची चाहूलच वाटली. पण काही आठवड्यांतच डब्याखालील ट्रान्स्फॉर्मरचे स्फोट होऊ लागले. डिसेंबरमध्ये साऱ्या गाड्या एकदम मागे घेण्यात आल्या आणि वाफेची इंजिने परत आली. दुरुस्त केलेल्या निळ्या गाड्या ऑक्टोबर १९६१ मध्ये पुन्हा रुळांवर दिसल्या. एवढे होऊनही ‘ब्लू ट्रेन’ हे नाव टिकले, प्रवासीही परतले. यंत्राने दगा दिला तरी रंगाने कमावलेली माया आटली नव्हती.

यानंतर आला तो सर्वांत जाड आणि सर्वांत दीर्घकाळ टिकलेला थर. जानेवारी १९६५ मध्ये रेल्वेने लंडनमधील प्रदर्शनात आपले नवे रूप मांडले. डिझाइन रिसर्च युनिट या संस्थेतील जेरी बार्नी यांनी रेखाटलेला दुहेरी बाण, जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवलेली अक्षरे आणि ‘रेल ब्लू’ नावाचा एकच एक निळा रंग. उपनगरी गाड्या आरपार निळ्या, लांब पल्ल्याच्या गाड्या निळ्या-राखाडी. हिरवा, मरून, तपकिरी असे सारे प्रादेशिक रंग या एका निळ्याने पुसून टाकले. ‘ब्रायटन बेल’देखील अखेरच्या वर्षांत निळ्या-राखाडी वेषात धावली आणि ३० एप्रिल १९७२ रोजी इतिहासजमा झाली. एकाच मालकाची एकच रेल्वे, हा राष्ट्रीयीकरणाचा मूळ विचार प्रत्यक्ष डोळ्यांना दिसायला अशी सतरा-अठरा वर्षे लागली! हा निळा बराच मळखाऊ होता, हेही त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे. ब्रेकच्या घर्षणातून उडणारी लोखंडाची पूड डब्यांवर बसते. तिच्यापुढे फिकट रंगांचा टिकाव लागत नाही, हे रंगारी जाणतात. जाहिरातवाले नंतर कधीतरी शिकतात.

या साऱ्या रंगकामात काही रंग मात्र शोभेचे नव्हते. वाफेचे इंजिन धडधडत, धूर सोडत येई. विजेची गाडी त्या मानाने मुकाट येते. रुळांवर काम करणाऱ्या कामगारांना ती दुरून दिसावी म्हणून १९६० च्या दशकाच्या प्रारंभी गाडीच्या तोंडावर पिवळा चौकोन आला, पुढे सारा दर्शनी भाग पिवळा झाला. पहिल्या वर्गाच्या डब्यावर छताखाली पिवळी रेघ, खानपानाच्या डब्यावर तांबडी रेघ. आणि वरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारेपासून सावध राहण्याचा इशारा देणारी नारिंगी रेघ. १९९८ च्या नियमांनी त्यात आणखी एक भर घातली. दृष्टी अधू असलेल्या प्रवाशास दार चटकन सापडावे, म्हणून नव्या गाड्यांच्या दारांचा रंग डब्याच्या रंगाहून ठळकपणे वेगळा असलाच पाहिजे, असे ठरले. एकसलग पट्ट्यांची हौस त्यामुळे आपोआप आवरली गेली. प्रखर दिवे आल्यावर २०१६ मध्ये पिवळ्या तोंडाची सक्ती शिथिल झाली आणि लंडनच्या एलिझाबेथ मार्गावरील गाड्या पिवळ्या रंगाविना धावू लागल्या. कंपनी आणि सरकार यांच्यापलीकडे, प्रवासी व कामगार यांच्यासाठी लावलेला रंग तो एवढाच.

१९८२ नंतर ब्रिटिश रेल्वेची प्रदेशांऐवजी व्यवसायांनुसार विभागणी झाली आणि एकरंगी निळ्याला तडे गेले. लंडन परिसराच्या काही गाड्यांना तपकिरी, नारिंगी व बिस्किटी छटा देण्यात आल्या. नारिंगाचा मुरंबा आणि चॉकलेट असलेल्या एका लोकप्रिय खाऊवरून लोक त्यास ‘जाफा केक’ म्हणत. १० जून १९८६ रोजी व्यवस्थापक ख्रिस ग्रीन यांनी ‘नेटवर्क साउथईस्ट’ ही नवी ओळख जाहीर केली. गाड्यांवर लाल, पांढरे, निळे पट्टे आले, फलाटांवरचे दिव्यांचे खांबसुद्धा लाल झाले. टूथपेस्टच्या पट्ट्यांची आठवण होऊन थट्टा झाली, परंतु मरगळलेल्या उपनगरी रेल्वेला त्यामुळे चेहरा मिळाला, हे टीकाकारांनीही नाकारले नाही.

मात्र पट्ट्यांखालचे डबे पुष्कळदा जुनेच होते. हाताने लावायच्या दारांचे, जुन्या बांधणीचे. १२ डिसेंबर १९८८ रोजी क्लॅपहॅम जंक्शनजवळ याच विभागाच्या गाड्यांच्या भीषण अपघातात ३५ जण मृत्युमुखी पडले. सिग्नलच्या तारा जोडण्यातील हलगर्जीपणा हे त्याचे कारण चौकशीत निष्पन्न झाले. जादा काम आणि अपुरी देखरेख यांवरही बोट ठेवले गेले. रंगाचा येथे काही दोष नव्हता. परंतु दर्शनी सुधारणा आणि आतली दुरुस्ती यांच्यातील अंतर देशाने त्या दिवशी पाहिले. जुन्या बांधणीचे ते डबे मुख्य मार्गांवरून पूर्णपणे हटण्यास पुढे २००५ साल उजाडले.

खासगीकरणानंतर तर रंगांचा पूरच आला. १९९३ च्या कायद्याने रूळ एकाकडे, गाड्यांची मालकी भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांकडे आणि गाड्या चालवण्याचा ठेका तिसऱ्याकडे, अशी वाटणी केली. फेब्रुवारी १९९६ पासून ठेकेदार कंपन्या गाड्या चालवू लागल्या. गाडी आपली नाही, रूळ आपले नाहीत, प्रवाशाला दुसरा पर्यायही बहुधा नाही. मग ठेकेदाराचे स्वतःचे असे उरले काय? रंग! साहजिकच प्रत्येकाने तो घाईघाईने लावून घेतला. कॉनेक्स कंपनीने लंडनच्या दक्षिणेला पांढऱ्या-पिवळ्या गाड्या आणल्या. आर्थिक व्यवहारांवरील अविश्वासामुळे तिचा आग्नेयेकडील ठेका नोव्हेंबर २००३ मध्ये काढून घेण्यात आला, आणि तिच्या जागी आलेल्यांनी ते पांढरे-पिवळे पुन्हा पुसले. ब्रायटनकडच्या मार्गावर तर २००४ मध्ये ‘सदर्न’ हे जुने नाव आणि हिरवा रंग दोन्ही परत आले. सत्तर वर्षांपूर्वीच्या कंपनीची पुण्याई नव्या ठेकेदाराला उपयोगी पडली.

लंडन-एडिंबरो या पूर्व किनाऱ्याच्या मार्गाची कथा अधिक बोलकी आहे. तेथील विद्युत इंजिने आणि डबे ब्रिटिश रेल्वेच्या अखेरच्या काळातले. १९९६ मध्ये जीएनईआर कंपनीने त्यांना गर्द निळा रंग व लाल पट्टा दिला. कंपनीला ठेका झेपेना म्हणून डिसेंबर २००७ मध्ये नॅशनल एक्स्प्रेस आली, तिलाही तो झेपेना म्हणून नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारने गाड्या ताब्यात घेतल्या. मार्च २०१५ मध्ये व्हर्जिन आणि स्टेजकोच यांच्या भागीदारीने लाल रंग आणला. जून २०१८ मध्ये तीही बाहेर पडली आणि सरकारी एलएनईआर आली. डबे तेच, धावपट्टी तीच, बावीस वर्षांत पाच चालक. रंगाऐवजी चिकटपट्ट्यांसारखे रंगीत आवरण चढवण्याची पद्धत याच काळात रूढ झाली, यात नवल नाही. ठेका किती दिवस टिकेल याची खात्री नसेल, तर पक्का रंग कोण लावणार?

या गोंधळातून वाट आधी स्कॉटलंडने काढली. सप्टेंबर २००८ मध्ये तेथील सरकारच्या वाहतूक संस्थेने जाहीर केले, की स्कॉटरेलच्या गाड्या यापुढे निळ्या राहतील, त्यांच्यावर सेंट अँड्र्यूच्या फुलीचा पांढरा ध्वज असेल, आणि ठेकेदार बदलला तरी रंग बदलणार नाही. वारंवार रंगवण्याचा खर्च टाळणे हे कारण पुढे केले गेले. त्यामागे राष्ट्रीय अस्मिता नव्हती असे कोण म्हणेल? पण हिशेबही चोख होता. २००८ नंतर ठेकेदार बदलला, एप्रिल २०२२ मध्ये स्कॉटरेल सरकारी झाली, प्रवाशांच्या डोळ्यांना मात्र काहीच जाणवले नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या लंडन ओव्हरग्राउंडचा नारिंगी आणि लिव्हरपूल परिसरातील मर्सीरेलचा पिवळा रंगही याच न्यायाने टिकला. रंग सार्वजनिक संस्थेचा, चालक पगारी. खासगी कंपनी आणि स्थिर ओळख एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा म्हणून ही तीन उदाहरणे पुरेशी आहेत. इंग्लंडच्या उर्वरित भागात ते जमले नाही, याला खासगी मालकीपेक्षा ठेक्यांची रचना अधिक जबाबदार होती.

आता वेस्टमिन्स्टरचे सरकार तोच मार्ग मोठ्या प्रमाणावर चोखाळत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक मालकीचा कायदा मंजूर झाला. २५ मे २०२५ रोजी साउथ वेस्टर्न रेल्वे या कायद्याखाली ताब्यात आलेली पहिली कंपनी ठरली. त्या पहाटे वोकिंगहून निघालेल्या पहिल्या सरकारी गाडीच्या प्रवाशांना रुळांच्या कामामुळे वाटेत उतरून बसने जावे लागले. वॉटर्लू स्थानकात मात्र ध्वजाच्या रंगांची नवी गाडी छायाचित्रकारांसाठी सज्ज होती. ती ज्या ताफ्यातली, त्या ९० विद्युत गाड्यांची मागणी २०१७ मध्ये नोंदवली गेली होती. पहिली गाडी प्रवाशांना घेऊन धावली ती जानेवारी २०२४ मध्ये. ताफ्यातील बहुतेक गाड्या राष्ट्रीयीकरणाच्या दिवशीही सेवेत नव्हत्या.

नवी रंगसंगती खात्यातच तयार केल्याने खर्च वाचला, असे सरकार सांगते, आणि गाड्यांवर ती टप्प्याटप्प्याने चढणार आहे. हा सुज्ञपणा आहे; पण त्याचाच अर्थ असा, की काही वर्षे जुन्या ठेकेदारांचे रंग आणि नवा झेंडा सरमिसळ दिसणार. स्कॉटलंड आणि वेल्सच्या सरकारांकडील गाड्या आपापल्या रंगातच राहणार आहेत. एलएनईआरच्या गाड्या लंडनहून एडिंबरोला जातात. त्यांना नवे रंग मिळतील तेव्हा वेव्हर्ली स्थानकात एका फलाटावर लाल-पांढरी-निळी गाडी आणि शेजारच्या फलाटावर सेंट अँड्र्यूची पांढरी फुली मिरवणारी निळी गाडी उभी असेल. दोन्ही सरकारी, पण सरकारे मात्र दोन.