गोंगाट ऐकणारी यंत्रे

२०२० सालच्या जानेवारीअखेर मुंबई पोलिसांनी एक चित्रफीत प्रसृत केली आणि काही दिवस का होईना, या शहराला स्वतःचेच हसू आले. सिग्नलच्या खांबांना ध्वनिमापक जोडायचे आणि तांबडा दिवा लागलेला असताना हॉर्नचा एकत्रित आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला, की उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, अशी ती योजना. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता आणि वांद्रे येथे तिचा प्रयोग झाला. हॉर्न वाजविल्याने दिवा लवकर हिरवा होतो, अशी ज्यांची श्रद्धा आहे (आणि अशा भाविकांची आपल्याकडे वाण नाही), त्यांना हे उत्तर यंत्राकडूनच मिळाले.

भोवतालचा आवाज ऐकून आपले वर्तन बदलणारी यंत्रे ही आता नवलाई राहिलेली नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पूर्णतः डिजिटल श्रवणयंत्रे बाजारात आली. माणसाचे बोलणे क्षणोक्षणी चढते-उतरते. पंख्याची किंवा इंजिनाची घरघर मात्र बराच वेळ एकाच पातळीवर राहते. हा भेद हेरून यंत्र आवाजाचे उंच-नीच पट्टे वेगळे करते आणि ज्या पट्ट्यात नुसती घरघर आहे, तो खाली आणते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी हे वरदानच आहे, त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आजचे हेडफोन बाहेरच्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर निर्माण करून ती पुसून टाकतात. या कल्पनेचे पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला अमेरिकेत १९३६ सालीच मिळाले होते. ती सामान्यांच्या कानापर्यंत येण्यास मध्ये अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

परंतु या साऱ्या यंत्रांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. गोंगाट आहे आणि तो राहणारच. आपण आपल्या धन्यापुरती सोय पाहावी. प्रश्न येथेच सुरू होतो. एटियेन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली असे दाखवून दिले, की कानावर गोंगाट पडू लागला म्हणजे माणूस नकळत आपला आवाज चढवितो. रस्त्याकडेच्या वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाला हे सांगण्यासाठी लोंबारची साक्ष नको. संध्याकाळी बसलेला घसा ते सांगतोच. त्या शिक्षकाला भोवतालच्या गलबल्यानुसार आपोआप चढणारा ध्वनिक्षेपक दिला असे समजा. त्याच्या वर्गाची सोय होईल, पण शेजारच्या वर्गाच्या दृष्टीने तोही गोंगाटच ठरेल. तेथेही तसाच ध्वनिक्षेपक असला तर तो आणखी चढेल, आणि मग पहिलाही. ज्याची त्याची सोय जो तो पाहू लागला, की सर्वांचीच गैरसोय कशी वाढते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

यावर कोणी म्हणेल, हेडफोन तरी दुसऱ्याला त्रास देत नाहीत. खरे आहे. पण ज्याला परवडते त्याने शांतता विकत घेतली, की ती सर्वांना मिळावी म्हणून तक्रार करणारा एक माणूस कमी होतो. चाळीत अभ्यास करणारा विद्यार्थी, रस्त्यालगतच्या रुग्णालयातला रोगी, चौकात आठ तास उभा राहणारा वाहतूक हवालदार यांच्या कानांना ही खरेदी शक्य नाही, किंवा चालणारी नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये व शाळांभोवतालच्या शांतता क्षेत्रात ५० व ४० अशी मर्यादा घातली आहे. ही मर्यादा सरासरीची आणि सिग्नलवरचा ८५ चा आकडा त्या घटकेच्या कोलाहलाचा, तेव्हा दोहोंची थेट तुलना करणे न्याय्य नव्हे. तथापि डेसिबलच्या मोजणीत दर दहा अंकांना ध्वनीची शक्ती दसपट होते, म्हणजे ५५ आणि ८५ यांत हजारपटींचे अंतर आहे. शिक्षेची सुरुवातच तेथून करावी लागावी, यात आपल्या रस्त्यांचे पुरेसे वर्णन आले.

याच जातीचे एक निराळे यंत्र ऑस्ट्रेलियातील चौकांत आहे. अंधांना रस्ता ओलांडता यावा म्हणून पादचाऱ्यांच्या बटणातून टिकटिक ऐकू येते. रहदारी वाढली की ती मोठी होते आणि रात्री रस्ता शांत झाला की आपण होऊन मंद होते. त्यामुळे अंधाची वाट चुकत नाही आणि चौकात राहणाऱ्याची झोपही मोडत नाही. भोवतालचे ऐकून गरज संपताच खाली येणारे यंत्र हेच खऱ्या अर्थाने शहाणे म्हटले पाहिजे. आवाज चढविण्याची अक्कल देणे मुळीच कठीण नाही.

मुंबईच्या सिग्नलला अर्थातच दोष आहेत. तो सामुदायिक दंड आहे. चौघे हॉर्न वाजवितात आणि मुकाट बसलेले चाळीस जण थांबतात. मागे रुग्णवाहिका अडकली असेल तर तिलाही थांबावे लागते. एकट्या यंत्राच्या भरवशावर हे चालणार नाही. ज्याने हॉर्न वाजविला त्यालाच हुडकणारा हवालदार आणि त्याची पावती फाडण्याची तयारी असावीच लागेल. तरीही त्या सिग्नलने गोंगाट गृहीत धरला नाही. तो करणाऱ्याच्याच पदरात त्याने टाकला. शाळा आणि रुग्णालये यांच्याजवळचे चार-दोन चौक निवडून, रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवून, हा प्रयोग वर्षभर नेटाने केला आणि त्याचे रोजचे आकडे लोकांपुढे मांडले, तर महापालिकेला व पोलिसांना त्यासाठी फार मोठी रक्कम लागणार नाही.