शेंदूर खरवडा

आमच्या गावाच्या नावातच शेंदूर आहे. शेंदूरजनाघाट. तालुका वरूड, जिल्हा अमरावती. मागं सातपुडा, पुढं संत्र्याचे बगीचे, डोंगरापलीकडं मध्य प्रदेश. संत्र्याच्या कलमांसाठी हे गाव प्रसिद्ध. कलमं लांबलांब जातात. बांधणाऱ्या हातांची नावं मात्र कुठल्याच पाटीवर नसतात.

आमच्याकडं हनुमान म्हणत नाहीत. मारोती म्हणतात. माझ्या आज्याचं नावही मारोतीच. मारोती नावाचा हा माणूस जन्मभर मारोतीच्या पाराची पायरी चढला नाही. चढू दिला नाही. नारळ दुसऱ्याच्या हातात ठेवायचा, लांबूनच हात जोडायचे, खोबऱ्याचा तुकडा वरून पडेल तो झेलायचा. नाव एकच. दगडाला दिलं तर देव. माणसाला दिलं तर विटाळ.

हे आठवायचं कारण सांगतो. हनुमान जयंतीला वस्तीतला एक पोट्टा वर्गणीचं पुस्तक घेऊन घरी आला. कॉलेजात शिकतो. मोटारसायकलीच्या टाकीवर एका बाजूला निळं अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला भुवया चढवलेला तो रागीट हनुमान. म्हणाला, "भाऊ, मारोती त आपलाच हाय ना. मोठेमोठे मंत्री म्हनतेत का तो दलित होता. मंग आपन काहून मांग राहाचं?"

मी त्याला शिव्या घातल्या. चुकलंच माझं. शिवी म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर आता देतो. तोही वाचेल, आणि शहरातले तुम्हीही वाचा, कारण तोच स्टिकर तुमच्या गल्लीतल्या गाड्यांवरही आहे.

पहिली गोष्ट, मारोतीला दलित केला कुणी? नोव्हेंबर २०१८. राजस्थानात निवडणूक. अलवर जिल्ह्यात मालाखेड्याच्या सभेत उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ बोलले की बजरंगबली वनवासी होता, दलित होता, वंचित होता. झालं! अनुसूचित जमाती आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष नंदकुमार साय म्हणाले, तो आदिवासी. उत्तर प्रदेशातलेच एक मंत्री म्हणाले, जाट. त्याच पक्षाचे एक आमदार म्हणाले, मुसलमान. देवाची खानेसुमारीच चालली होती जशी. या गोंधळात एक गोष्ट फार खरी घडली. राजस्थानातल्या एका ब्राह्मण संघटनेनं मुख्यमंत्र्यांना नोटीस धाडली, माफी मागा म्हणून.

ही नोटीस नीट वाचा. देवाला दलित म्हटलं तर देवाचा अपमान होतो! म्हणजे दलित हा शब्द त्यांच्या लेखी आजही शिवीच. मत मागताना तो देवाला चिकटवायचा, मतदान झालं की पुसून टाकायचा. आणि आमची पोरं खूश. आपल्यातला एक जण देव निघाला म्हणून!

आपल्या बाजूनंही उत्तरं आली. बहराईचच्या खासदार सावित्रीबाई फुले म्हणाल्या, हनुमान दलित होता आणि मनुवाद्यांचा गुलाम होता. चंद्रशेखर आझाद म्हणाले, मग हनुमानाची देवळं दलितांनी ताब्यात घ्यावीत, पुजारी दलित नेमावेत. पहिलं उत्तर मला पटतं. दुसरं ऐकायला झणझणीत आहे, पण मी विचारतो, ताबा घेऊन करायचं काय? आत जी मूर्ती आहे ती काय सांगते ते आधी बघाल की नाही?

चला, बघू. ऐकीव नको, वाल्मीकीच्याच पोथीत.

राम-लक्ष्मण रानात भटकताहेत. सुग्रीवाचा मंत्री हनुमान भिक्षूच्या वेषात येऊन बोलतो. त्याचं शुद्ध बोलणं ऐकून राम लक्ष्मणाला म्हणतो, तीन वेद शिकल्याशिवाय, व्याकरण घोटल्याशिवाय माणूस असं बोलूच शकत नाही. वानर, पण त्याच्या वेदाचं कौतुक! थोडी पानं उलटा. वाली मरून पडतोय. झाडाआडून मारलेला बाण छातीत. तो विचारतो, मी तुझं काय वाकडं केलं होतं? राम इतर कारणांबरोबर हेही सांगतो की तू वानर, झाडावरचं जनावर, जनावराची शिकार करण्यात दोष नाही. पुढं उत्तरकांडात या. शंबूक. शूद्र. कुणाचं काही घेतलं नाही, कुणाची बायको पळवली नाही, नुसता तप करत होता. राम त्याची जात विचारतो. तो खरं सांगतो. वाक्य संपायच्या आत मुंडकं खाली.

ही तीन माणसं एका ओळीत उभी करा. हनुमान, वाली, शंबूक. एकाला वेद आला तरी शाबासकी. दुसरा राजा असून जनावर. तिसऱ्यानं नुसते डोळे मिटले तरी मरण. फरक जातीचा नाही, फरक कामाचा आहे. जो सेवेला आला त्याची विद्वत्ता चालते. जो आडवा आला तो जनावर. आणि जो ना सेवेला आला ना आडवा आला, फक्त स्वतःसाठी वर चढू लागला, त्याला जगूच द्यायचं नाही.

आता सांगा, आपल्यातल्या शिकलेल्या माणसाला आज कुठली जागा दाखवली जाते? साहेब हो, मंत्री हो, स्टेजवर बस, संस्कृतही बोल. फक्त हात जोडलेले ठेव. मारोतीचं चित्र घराघरात आहे. शंबूकाचं चित्र कुणाच्या भिंतीवर बघितलंय?

युद्ध संपल्यावर वाटणी झाली. बिभीषणाला लंका. सुग्रीवाला किष्किंधा आधीच मिळालेली. समुद्र ओलांडला कुणी? लंका जाळली कुणी? औषधासाठी डोंगर उचलून आणला कुणी? त्याला काय मिळालं? गळ्यात हार, आलिंगन, आणि जन्मोजन्मीची चाकरी. राम सिंहासनावर, मारोती पायाशी गुडघा टेकून. कॅलेंडरवरचं ते चित्र आम्ही बारसं झाल्यापासून बघत आलो. पगार न मागणारा मजूर. संपावर न जाणारा मजूर. छाती फाडून दाखवली तर आत स्वतःचं काळीजसुद्धा नाही, आत मालकाचा फोटो! असा गडी कुठल्या पाटलाला नको असेल?

कुणी म्हणेल, मारोती म्हणजे बळ. तालमीत असतो. रामदासांनी अकरा मारुती बसवले ते काय उगीच? बळाचाच हिशेब करू मग.

उत्तरकांडात एक शाप आहे. लहानपणी मारोती फार दांडगा. सूर्य फळ समजून गिळायला निघालेला, इंद्राच्या वज्राचा घाव हनुवटीवर झेललेला. तो ऋषींच्या आश्रमात जाऊन यज्ञाची भांडी फोडायचा, वल्कलं फाडायचा. भृगू-अंगिरसाच्या कुळातले ऋषी चिडले. त्यांनी त्याला मारलं नाही, हातपाय तोडले नाहीत. शाप दिला, तुझं बळ तुला आठवणारच नाही. कुणी आठवण करून देईल तेव्हाच आठवेल.

दोस्तहो, याहून भयंकर शाप मी वाचलेला नाही. बळ काढून घेतलं नाही, आठवण काढून घेतली. बळ शाबूत पाहिजे होतं, कामाला लागणार होतं. पुढं समुद्रकाठी जांबुवंत त्याला आठवण करून देतो. कधी? रामाची बायको शोधायची असते तेव्हा. मारोतीच्या स्वतःच्या कामासाठी त्याचं बळ त्याला कुणी आठवून दिल्याचं मला त्या पोथीत सापडलं नाही.

हीच आमची कथा. दर पाच वर्षांनी एक जांबुवंत वस्तीत येतो. म्हणतो, अरे तुम्ही वाघ, तुम्ही बजरंगी, घ्या उडी! उडी कुठं, तर त्यानं दाखवलेल्या मोहल्ल्यावर. शेपूट आमची जळते, लंका गरिबाची जळते, राज्याभिषेक तिसऱ्याचाच. केस अंगावर घेऊन कोर्टात तारखा मोजणारी पोरं बघा, आडनावं वाचा.

शेंदूरजनाघाटाहून सीमा ओलांडली की आताच्या पांढुर्णा जिल्ह्यात जामसावळीचा मारोती आहे. आमच्या भागातून दर शनिवारी गाड्या भरून जातात. तिथं मारोती उभा नाही, बसलेला नाही. आडवा आहे. झोपलेला. एवढं बळ, आणि झोपलेलं! लोक त्याच्या पाया पडतात. मला वाटतं, हलवून जागं करावं, आणि सांगावं की बाबा, आता घरी जा.

आता शेंदराचं बोलू. घराघरात सांगतात, सीतेनं भांगात शेंदूर भरला. मारोतीनं विचारलं, कशाला? ती म्हणाली, स्वामींना आयुष्य लाभावं म्हणून. या भोळ्यानं सगळं अंगच शेंदरानं माखून घेतलं. मालकाच्या आयुष्यासाठी स्वतःचा रंग पुसला, आणि आम्ही त्यावर कौतुकानं हसतो. शेंदूर म्हणजे काय? शिसं. पोटात गेलं तर विष. गवयाचा आवाज बसवायचा असेल तर त्याला शेंदूर चारायचे, या गोष्टी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकल्या असतीलच. अंगाला लावला की देव, नरड्यात गेला की मुका. आम्हाला दोन्ही करून झालं.

थरावर थर चढले की खालचा चेहरा दिसत नाही. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या अंगावरचं शेंदराचं जुनं जाड कवच काढलं, तर आत वेगळीच कोरीव मूर्ती निघाली. मारोतीचे थर खरवडले तर काय निघेल? गावच्या वेशीवर उभा असलेला राखणदार निघेल. वेशीवर आणखी कोण उभा असायचा? वेसकर महार. रात्रभर जागणारा, चोरापासून गाव राखणारा. राखणदार दोघे. एकाला तेल, रुईची माळ, नारळ. दुसऱ्याला शिळी भाकर, तीही वरून टाकलेली.

नर्सरीत काम केलेल्याला हे पटकन समजेल. आधी जंभेरीचं रोप लावतात. रानटी, आंबट, चिवट. त्याच्या खुंटाला चीर देऊन संत्र्याचा डोळा बसवतात. डोळा फुटला की जंभेरीचा शेंडा छाटतात. पुढं जन्मभर माती जंभेरीची मुळं खातात, फळाला नाव संत्र्याचं. खुंटाला स्वतःची फूट आली की मालक ओरडतो, काढ ती! रानातल्या लोकांच्या वानरदेवावर रामभक्तीचा डोळा कुणी बांधला, ओळखा. मूळ आमचं, फळ त्यांचं, आणि आमची फूट आली की विळा.

सगळ्यांनी हा डोळा बांधून घेतला असंही नाही. याच सातपुड्यात मेळघाटचे कोरकू होळीला मेघनाथाला पुजतात, रावणाला मानतात. मारोतीला बांधून दरबारात उभा करणारा तो मेघनाथ! एकाच डोंगरात रामायणाची दुसरी बाजूही जिवंत आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त अवतारांच्या गोष्टी बळीच्या बाजूनं वाचल्या. बाबासाहेबांचं 'रिडल्स' सरकारनं १९८७ मध्ये छापलं, तर राम-कृष्णाच्या प्रकरणावरून १९८८ मध्ये मुंबईत मोर्चे निघाले. नुसते प्रश्न विचारले म्हणून! प्रश्नाला एवढं भिणारे लोक तुमच्या हातात गदा कशी काय आनंदानं देतात, याचा विचार करा.

रामाचं दार आम्हाला उघडं होतं का? २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. लाठ्या खाल्ल्या, वर्षं गेली, दार उघडलं नाही. त्याआधी नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आमच्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीच परिषदेला आले होते. शेवटी त्यांनीच सांगितलं, देवळाचा नाद पुरे. त्याच अमरावतीच्या तेव्हाच्या खासदार नवनीत राणा आणि त्यांचे आमदार पती एप्रिल २०२२ मध्ये मुंबईला गेले, मातोश्रीसमोर हनुमान चालिसा म्हणायला. २३ एप्रिलला अटक, राजद्रोहाचं कलम, देशभर गाजावाजा. अमरावतीची ती जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. आमचा वरूड-मोर्शीचा भाग वर्ध्याला जोडलाय, पण लाज सगळ्यांची सारखी. राखीव जागा कुणाच्या लढ्यानं आली, आणि तिच्या बळावर देशभर गाजलं काय? शिष्यवृत्ती? अत्याचाराचे खटले? नाही. चालिसा.

वस्तीत एक पळवाट सांगतात. बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश आहेत, राम-कृष्ण आहेत, गौरी-गणपती आहेत, मारोतीचं नाव कुठंय? अरे वकिलांनो, गौरी-गणपतीच्या पुढं 'इत्यादी' आहे. सगळा शेंदूर त्या एका शब्दात धुतलाय.

१९५६ च्या दसऱ्याला आजा नागपूरला गेला. काही पायी, काही मिळेल त्या गाडीनं. परत आला, देवघरातले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. कुणी विचारलं, "मारोती, देव काहून फेकले बे?" तर म्हणाला, "ते मले कधी शिवलेच नाई, मी काहून जपू?" सातबारावर त्याचं नाव नव्हतं, कारण जमीनच नव्हती. मतदार यादीत शेवटपर्यंत मारोतीच होतं. पण त्या दिवसानंतर तो कुणासमोर गुडघ्यावर बसला नाही. त्याला त्याचं बळ कुण्या जांबुवंतानं दुसऱ्याच्या कामासाठी आठवून दिलं नव्हतं. स्वतःच्या माणूसपणासाठी आठवलं होतं.

पोट्ट्या, वर्गणीचं पुस्तक घेऊन ये. विहाराशेजारच्या रिकाम्या खोलीत अभ्यासिका काढू. पहिली पावती माझ्याकडून, आज्याच्या नावानं. मारोती नावाचा एक माणूस मोठ्या कष्टानं उठून उभा राहिला होता. त्याला परत पायाशी बसवू नका.