मुलांकडे बघून...

"पोरी, मुलांकडे बघून गप्प राहा." मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला आपल्याकडे मिळणारा हा ठरलेला सल्ला. देणारी माणसे दुष्ट नसतात. पुष्कळदा ती तिची आईच असते. पण त्या मुलांकडे खरोखर कुणी बघितले आहे काय?

आमच्या चाळीत शेजारच्या बिऱ्हाडात दोन लहान मुले होती. धाकटा सात वर्षांचा. जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून त्याला कळे, आज वडील कसे आले आहेत ते. मग तो बहिणीचा हात धरून आमच्याकडे 'गणित विचारायला' येई. वही तीच, पानही तेच. भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचे आवाज येत आणि आम्ही सारे त्या वहीकडे बघत बसू. मीसुद्धा.

त्या मुलांच्या अंगावर कधी कुणी हात टाकला नव्हता. म्हणून 'मुलांना काही त्रास नाही हो' असे चाळीत म्हटले जाई. वस्तुतः भीती अंगात मुरायला मार खावाच लागतो असे नाही. अशा घरातले मूल सतत कानोसा घेत असते. त्याची झोप मोडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, कुणी अंथरूण ओले करते, तर कुणी वयाला न शोभण्याइतके शहाणे होते. शाळेत त्याला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतात. आणि आई मार खाते ती आपल्यामुळेच, असे यांतल्या कितीतरी मुलांना मनोमन वाटत असते.

हे चार घरांचे रडगाणे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिला घरात राहण्याचा हक्क देतो, मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. पण सल्ला देणाऱ्यांना तो ठाऊक कुठे असतो?

मित्रहो, आपण तरी फार निराळे आहोत काय? "मोबाईल दाखव", "त्या ग्रुपमध्ये बसायचे नाही", आणि एखाद्या दिवशी कँटीनमागे दंड पिरगाळणे. यावर मैत्रिणींचे मत काय, तर 'किती जीव आहे ग त्याचा तुझ्यावर!' एका घरात कधीच न राहिलेल्या प्रेमिकांना वरील कायदा लागू होत नाही. पाठलाग, धमकी, मारहाण यांसाठी फौजदारी कायदा आहे, पण तक्रार करणार कोण? घरी पाहिलेले मुलगे पुढे तेच करतात असे सरसकट म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. आईचे हाल पाहून कुणावर आवाजही न चढवणारे मित्र मला माहीत आहेत.

शेजारच्या त्या बाईंनी अखेर मुलांना घेऊन दुसरीकडे खोली केली. मुलांचे बापाचे छत्र हिरावले म्हणून चाळीने त्यांनाच बोल लावला. मध्यंतरी धाकटा बसथांब्यावर भेटला. कसे चालले आहे, विचारले. म्हणाला, "ताई, आता रात्री झोप लागते."